शेठ प्रेमचंद रायचंद : कापसाचा दलाल, पेढीचा धनी आणि दाता

यंदाच्या काजूच्या हंगामात आमच्या मंडळापुढे एक प्रश्न आला आहे. तो सभेत निकालात निघण्यापूर्वी एका जुन्या गृहस्थाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. प्रश्न असा. सभासदांची जी बी मंडळाच्या वखारीत गोळा होते ती सर्वच्या सर्व उचलण्यास एक मोठे व्यापारी तयार आहेत. बाजारभावाहून किलोमागे चार रुपये अधिक देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. मात्र रक्कम दोन महिन्यांनी मिळावयाची, आणि तारण म्हणाल तर त्यांचे नाव. नाव खरोखरीच मोठे आहे. त्यांनी एका गावी शाळेची इमारत बांधून दिली आहे, दुसऱ्या गावी देवळाचा सभामंडप नवा केला आहे, आणि आजवर त्यांनी कोणाचा पैसा बुडविल्याचे ऐकिवात नाही. तरीही कार्यकारी समितीत दोन तट पडले. एक वृद्ध सभासद इतका वेळ गप्प बसले होते, ते शेवटी एवढेच म्हणाले, "नाव मोठा आसा, पण वही खय आसा?"

या वाक्यावरून आम्हांस शेठ प्रेमचंद रायचंद यांची आठवण झाली. मुंबईत विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर पाहिला नाही असा कोकणी मनुष्य विरळा. परंतु तो ज्यांच्या पैशाने उभा राहिला त्यांची हकीकत थोड्यांनाच ठाऊक असते.

प्रेमचंदांचा जन्म सुरतेस १८३१ साली एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे उदीम वाढविण्यासाठी मुंबईस आले. मुलास त्यांनी इंग्रजी शाळेत घातले, आणि पुढे जे घडले त्याचा पाया हाच होता. त्या काळी मुंबईत कापसाचे व सराफीचे देशी दलाल पुष्कळ होते, पण साहेबाच्या पेढीवर जाऊन त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणारा दलाल जवळजवळ नव्हताच. रतनचंद लाला या नावाच्या दलालास इंग्रजी येत नसे. त्याने या तरुणास बरोबर घेतले. दुभाष्या म्हणून आलेला मुलगा थोड्याच वर्षांत स्वतंत्र दलाल झाला. स्मरणशक्ती विलक्षण, हिशेब तोंडी, बोलणे गोड आणि रहाणी साधी असे त्यांचे वर्णन समकालीनांनी केले आहे.

आमच्या बाजूस कापूस पिकत नाही, म्हणून तेव्हाचा कापसाचा व्यवहार थोडा खुलासेवार सांगितला पाहिजे. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड येथील कापूस शेतकऱ्याकडून गावच्या वाण्याकडे, त्याच्याकडून पेठेतील आडत्याकडे आणि तेथून मुंबईस कुलाब्याच्या कापूस-बाजारात येई. तेथे तो ७८४ पौंडांच्या खंडीच्या हिशेबाने विकला जाई. मग दाबून गाठी बांधावयाच्या आणि शिडाच्या जहाजात भरून आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून लिव्हरपूलला पाठवावयाच्या. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला, तोपर्यंत मालास हाच लांबचा रस्ता होता आणि प्रवासास महिनोन्‌महिने लागत. म्हणजे माल विकत घेताना जो भाव असे तो माल पोहोचेपर्यंत राहील की नाही हे कोणासच सांगता येत नसे. व्यापारात जुगार शिरावयास एवढी फट पुरेशी होती. हापूसची बाग मोहोरावरच कराराने देणाऱ्या आमच्या बागाईतदारास ही फट समजावून सांगावयास नको.

इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस फारसा आवडत नसे. धागा आखूड, आणि त्यात कचरा फार. त्यांची तीनचतुर्थांशाहून अधिक गरज अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून भागे. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरचे माग थंड पडू लागले. जो कापूस कालपर्यंत नावडता होता तो आता मागेल त्या भावाने जाऊ लागला. दोनतीन वर्षांत भाव पूर्वीच्या तिप्पट-चौपट झाला. माल एवढा हवाहवासा झाला की त्यात सरकी, माती, पाणी, किंबहुना दगडसुद्धा मिसळून गाठी बांधण्यात येऊ लागल्या, आणि मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करून तपासनीस नेमावे लागले. ओली बी पोत्याच्या तळाशी घालणाऱ्या आमच्या काही बंधूंना यात आपला पूर्वज दिसेल.

पैसा किती आला? युद्धाच्या सुमारास नेहमीच्या भावाने जे मिळाले असते त्याहून सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने ८१ कोटी रुपये, मुंबई इलाख्याच्या पदरी जादा पडले असा त्या वेळचा अंदाज आहे. यातील काही वाटा खेड्यांपर्यंत पोहोचला. नांगराचे फाळ आणि गाडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या करून घेतल्याच्या गोष्टी वऱ्हाडाकडे सांगत. त्या अक्षरशः खऱ्या मानण्याचे कारण नाही. परंतु शेतकऱ्याच्या घरी चांदी आली होती आणि ती ठेवावी कशात हे त्याला उमगत नव्हते, एवढे त्यांतून दिसते.

या भरतीत प्रेमचंद शेठ सर्वांत पुढे होते. त्यांचे गुमास्ते आतल्या पेठांतून कापूस खरेदी करीत. विलायतेची बातमी इतरांच्या आधी हाती यावी म्हणून ते बंदराबाहेर होडी पाठवून येणाऱ्या बोटीवरील पत्रे वाटेतच मिळवीत असे सांगतात. ही चलाखी निंद्य म्हणता येणार नाही. बातमीला दाम असतो हे त्यांना लवकर कळले, इतकेच. १८६४ साली त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते, आणि मुंबईच्या बाजारात त्यांच्या शब्दावाचून पान हालत नव्हते.

येथून व्यापारी मागे पडतो आणि पेढीवाला पुढे येतो. हा भाग आम्ही सावकाश सांगणार आहोत, कारण आमच्या मंडळाचा प्रश्न यातच आहे.

आलेला एवढा पैसा पुन्हा शेतीत, पाटबंधाऱ्यांत किंवा रस्त्यांत जाण्याची सोय तेव्हा फारशी नव्हती. तो मुंबईतच फिरू लागला आणि कंपन्या निघू लागल्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन भरणाऱ्या कंपन्या, १६ दाबखान्याच्या कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या मोजल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वी यांतील बहुतेकींचे नावही नव्हते. सर्वांत गाजलेली कंपनी म्हणजे बॅक बेचा समुद्र भरून जमीन करणारी. ती उभी करण्यात प्रेमचंद शेठांचा हात होता. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन हीही त्यांच्याच प्रेरणेने निघालेली बँक. कोणतीही नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कोणास किती द्यावयाचे हे त्यांच्या सल्ल्याने ठरे. सकाळी त्यांच्या दाराशी शेअर मागणाऱ्यांची गर्दी जमे, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी म्हणजे नगद पैसा समजत.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली स्थापन झालेली बँक या सर्वांहून वेगळी होती. तिच्यात सरकारचे भाग होते, सरकारने नेमलेले संचालक होते, आणि पूर्वी तिला नोटा काढण्याचाही अधिकार होता. नव्या कायद्याप्रमाणे १८६२ पासून हा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला, तेव्हा बँकेला नव्या धंद्याची गरज भासली. १८६३ साली तिची सनद बदलण्यात आली. जुन्या सनदेत कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास जी आडकाठी होती ती या वेळी निघाली. बदल कागदावर दोन ओळींचा असेल. त्याचा परिणाम काय होतो हे वाचकांनी पुढील हिशेबावरून पाहावे.

समजा, एका गृहस्थाजवळ एक शेअर आहे आणि बाजारात त्याचे हजार रुपये येतात. तो शेअर बँकेत गहाण टाकून तो सातशे रुपये उचलतो आणि त्या पैशाने तसलेच आणखी शेअर घेतो. असे शंभर जणांनी केले की त्या शेअरला गिऱ्हाईक वाढते आणि त्याचा भाव हजाराचा दीड हजार होतो. आता त्याच गहाणावर बँक हजार रुपये देऊ शकते. ते हजार पुन्हा शेअर घेण्यास जातात. बँकेच्या वहीत पाहिले तर सर्व चोख आहे. कर्ज आहे, त्याहून अधिक किमतीचे तारण आहे. पण ही किंमत बँकेच्याच पैशाने चढलेली आहे हे वहीत कोठेच लिहिलेले नसते. शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर विहिरीतील पाणी काढून त्याच विहिरीत ओतावे आणि पाणी वाढले म्हणून समाधान मानावे, तसला हा प्रकार.

याच्याही पुढची पायरी म्हणजे तारणावाचून कर्ज. बँकेचे कार्यवाह प्रेमचंद शेठांच्या शिफारशीवर मोठमोठ्या रकमा देत गेले. घेणाऱ्याची ऐपत काय, त्याच्या हातचिठ्ठीवर दुसरी सही कोणाची, याची चौकशी सुटत गेली. सरकारनियुक्त संचालकांनी ही गोष्ट रोखली नाही. पुढे चौकशी झाली तेव्हा या सर्वांचे दोष मांडण्यात आले. पण १८६४ साली कोणी एखाद्याने वही मागितली असती तर त्यालाच वेड्यात काढले असते. भाव चढत होता, लाभांश मिळत होता, आणि शेठजींचे नाव होते.

त्याच वर्षी त्यांनी आपले सर्वांत प्रसिद्ध दान केले. १८६४ च्या ऑगस्टात त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले, आणि पुढे ऑक्टोबरात मातोश्री राजाबाई यांच्या नावाने मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लक्ष. राजाबाईंची दृष्टी गेलेली होती, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवणे आवश्यक, म्हणून वेळ ऐकू यावी यासाठी मुलाने घड्याळाचा मनोरा बांधिला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आईचे नाव शहराच्या माथ्यावर कोरणारा मुलगा म्हणून लोक त्यांना ओळखतात हे खरे. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी १८६६ साली दोन लक्ष रुपये दिले. मुंबईतल्या व्यापाऱ्याने बंगाल्यातील विद्यार्थ्यांसाठी एवढी रक्कम द्यावी, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. अहमदाबादेस मुलींच्या शिक्षणासाठी, तसेच धर्मशाळा व दुष्काळ यांसाठी त्यांनी केलेला दानधर्म वेगळाच. त्यांच्या एकंदर दानाचा आकडा साठ लक्षांच्या घरात सांगतात.

आमच्या बाजूचे लोक या सुमारास काय करीत होते? मालवण व वेंगुर्ले १८१२ पासून इंग्रजांकडे होते. वेंगुर्ल्याच्या बंदरास राम घाटाने उतरणाऱ्या बैलांच्या तांड्यांमुळे बरे दिवस होते, पण कोकणच्या कुणब्याच्या, गाबिताच्या, भंडाऱ्याच्या घरी चांदी आली नाही. त्याच्या वाट्यास आले ते मुंबईतील काम. समुद्र भरावयाचा म्हणजे दगड-माती वाहणारे हात हवेत, दाबखान्यांना हमाल हवेत, गोदीस खलाशी हवेत. गलबते भरभरून माणसे गेली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. मजुरी वाढली होती, पण धान्य आणि खोलीचे भाडेही तसेच वाढले होते. १८७२ साली पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा ६,४४,४०५ वर उतरला होता. मधल्या आठ वर्षांत जे पावणेदोन लक्ष कमी झाले त्यांत भांडवलवाले किती आणि टोपलीवाले किती हे सांगण्यास गणितज्ञ नको. पुढे गिरण्या वाढल्या, ओघ पुन्हा लागला, आणि मनिऑर्डरीवर चालणारे घर ही कोकणची रीतच होऊन बसली. पण तिचा आरंभ पाहू गेल्यास या तेजीपाशी जावे लागते.

१८६५ च्या ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. इराणच्या आखातातून येणारी तार त्याच वर्षी चालू झाली होती, त्यामुळे विलायतेची बातमी पूर्वीसारखी महिनाभर वाटेत राहिली नाही. युद्ध संपले म्हणजे अमेरिकेचा कापूस येणार, आणि मुंबईच्या कापसास कोण विचारणार? भाव कोसळला. बाजारात तेव्हा मुदतीचे सौदे फार झाले होते, म्हणजे अमुक तारखेस अमुक भावाने शेअर घेईन किंवा देईन असे करार. त्यांतील बहुतेकांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. त्या दिवशी ज्याला पैसे द्यावयाचे होते त्याच्याकडे पैसे नव्हते, आणि ज्याला घ्यावयाचे होते त्यानेही तेच पैसे दुसऱ्यास देण्याचे कबूल केले होते. मे महिन्यापासूनच पेढ्या बसू लागल्या होत्या, जुलैत रांगच लागली. दिवाळखोरी एवढी झाली की तिच्या निकालासाठी सरकारास त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो पुढे ८७ रुपयांस विकला गेला.

त्याच जुलैच्या ३१ तारखेस नाना शंकरशेठ वारले. मुरबाडकडील दैवज्ञ घराण्यातील हा पुरुष. वडिलोपार्जित सराफी-व्यापारावर त्यांनी शिक्षणाचे मोठे काम उभे केले. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेपासून मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वाड्यात जागा देण्यापर्यंत, आणि १८४५ च्या रेल्वेच्या पहिल्या खटपटीपासून १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनपर्यंत, मुंबईत असे काही सार्वजनिक झाले नाही ज्यात नाना नव्हते. त्यांच्या पेढीवर अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा विश्वासाने ठेव ठेवीत असे म्हणतात. शेतकी-बागाईतीच्या सभेतही त्यांचे अंग होते, म्हणून आमच्यासारख्या मासिकाने त्यांचे स्मरण ठेवावे हे उचितच आहे. एका महिन्यात मुंबईने आपला सर्वांत जुना विश्वास आणि सर्वांत नवा विश्वास असे दोन्ही गमावले.

प्रेमचंद शेठ लागलीच कोसळले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेने त्यांना सावरून धरण्याचा प्रयत्न केला, आणि ते सावरणे बँकेच्याच अंगावर आले. १८६६ साली लंडनची एक मोठी सराफी पेढी बसली, त्याचा धक्का येथवर पोहोचला, आणि शेठजींना आपली देणी भागत नाहीत हे जाहीर करावे लागले. बँक ऑफ बॉम्बेचे भांडवल तेजीत वाढवून दोन कोटींच्या वर नेले होते, ते बहुतेक सर्व बुडाले. १८६८ साली ती बंद करून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. नव्या बँकेने जुन्याचा धडा घेतला असावा, कारण ती टिकली. १९२१ साली ती इंपीरियल बँकेत सामील झाली आणि इंपीरियल बँकेची १९५५ च्या १ जुलैस स्टेट बँक झाली. तारीख पुन्हा तीच पडली, हा केवळ योगायोग.

दख्खनच्या शेतकऱ्यास या धक्क्याचा अनुभव थोडा उशिरा आला. कापूस चढा होता तोपर्यंत सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली होती आणि शेतकऱ्यांनी ती घेतली होती. भाव उतरल्यावर कर्ज मात्र उतरले नाही. त्यातच साऱ्याची फेरतपासणी होऊन पुण्याकडील काही तालुक्यांत सारा वाढला. सावकाराने हात आखडला, दिवाणी कोर्टाची वाट धरली, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे बाहेर काढून जाळली. पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला, आणि पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ साली. आमच्यासारखी मंडळे ज्या वाटेने चालत आहेत ती वाट अशी जळलेल्या खतांच्या राखेतून आलेली आहे. मुंबईच्या शेअरबाजाराचा आणि सुप्याच्या दंग्याचा संबंध जोडणे कोणास ताणलेले वाटेल, आणि दंग्याला दुसरी कारणे होती हे आम्हांसही मान्य आहे. परंतु तेजीत दिलेले कर्ज मंदीत वसूल होते, एवढा धागा दोहोंत एकच आहे.

आता शेठजींविषयी निवाडा काय करावा? त्यांच्यावर टीका करणारे म्हणतात की दुसऱ्याच्या पैशाने धर्म केला. ही टीका पूर्ण खरी नाही. विद्यापीठास दिलेली रक्कम त्यांच्या हाती खरोखरच होती, ती पोचती झाली, आणि बाजार बसल्यावर त्यांनी ती परत मागितली नाही. दुसरे असे की दिवाळे निघाल्यावर परागंदा होणारे त्या काळी कमी नव्हते. प्रेमचंद मुंबईतच राहिले. धनकोंशी त्यांनी तडजोड केली आणि पुन्हा दलाली करू लागले. ज्या बाजारात ते राजे होते त्याच बाजारात चाळीस वर्षे त्यांनी हमरस्त्याने ये-जा केली. १८७५ च्या ९ जुलैस देशी शेअर-दलालांची जी संघटना झाली, जिचा पुढे मुंबई शेअर बाजार झाला, तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. हे सर्व त्यांच्या बाजूस जमा धरले पाहिजे.

परंतु खर्चाची बाजूही आहे. त्यांनी कोणास फसविण्याचा हेतू धरला होता असे आम्हांस वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे. लबाड मनुष्यापासून लोक सावध असतात. येथे मनुष्य भला होता, उदार होता, आपल्या बुद्धीवर त्याचा स्वतःचाही विश्वास होता, आणि ज्यांचे काम वही पाहण्याचे होते त्यांनी त्याचे औदार्य पाहून वही मिटली. शाळेस इमारत देणारा मनुष्य कर्ज फेडील असे अनुमान काढण्यास तर्कशास्त्रात आधार नाही. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून येऊ शकतात, हे खरे, पण एक दुसरीचे तारण नव्हे.

मनोऱ्याची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली, तेव्हा त्याच्या दात्याचे दिवाळे निघून गेले होते. काम नऊ वर्षे चालून १८७८ च्या नोव्हेंबरात पुरे झाले. नकाशा विलायतेचे शिल्पी सर गिल्बर्ट स्कॉट यांनी तेथूनच पाठविला होता. उंची २८० फूट, आणि ग्रंथालयासह खर्च सुमारे साडेपाच लक्ष रुपये. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या या ग्रंथालयाचा आमच्या मालवणशी संबंध आहे. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, आणि १८३७ साली मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. याच भांडारकरांनी पुढे १८९३ ते १८९५ या काळात विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. आमच्या बंदरातील एका कारकुनाचा मुलगा सुरतेच्या दलालाने दिलेल्या ग्रंथालयाचा कारभार पाहू लागला, हे त्या दानाचे आमच्यापुरते व्याज म्हणावयास हरकत नाही. कलकत्त्याच्या दानातून जी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती निघाली ती १८९७ साली यदुनाथ सरकार यांस मिळाली. मराठ्यांच्या इतिहासावरील त्यांच्या मतांशी आमचे अनेक विद्वान भांडले आहेत आणि भांडतीलही. पण शिवाजी महाराजांचे चरित्र त्यांनी आयुष्य घालून अभ्यासिले, आणि ज्या महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधिला त्यांची कीर्ती इंग्रजी वाचणाऱ्या जगात नेली.

प्रेमचंद शेठ १९०६ च्या ऑगस्टात भायखळ्याच्या आपल्या बंगल्यात वारले. वय पंच्याहत्तर होते. त्यांचे वारस पुढे व्यापारात राहिले, आणि बंगला कालांतराने अनाथ मुलींच्या संस्थेकडे गेला.

आता आमच्या काजूविषयी. आमचे मत विचाराल तर त्या व्यापारी गृहस्थांबद्दल आम्हांस आदरच आहे. किलोमागे चार रुपये ही लहान रक्कम नाही. मागल्या हंगामात भाव पडला तेव्हा सभासदांची काय अवस्था झाली ती आम्ही पाहिली आहे, आणि ज्यांच्या घरी मुलीचे लग्न किंवा मुलाची फी उभी आहे त्यांना हे चार रुपये सोडा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण बी एकदा वखारीतून गेली की पुढचे दोन महिने मंडळाजवळ फक्त कागद राहणार. तो कागद कसला असावा एवढेच सभेने ठरवावयाचे आहे. निम्मी रक्कम माल उचलताना रोख आणि उरलेल्या निम्म्यास बँकेची हमी, अशी सूचना एका सभासदाने लेखी दिली आहे. दुसऱ्याची सूचना अशी की माल एकदम न देता चार खेपांनी द्यावा, आणि मागल्या खेपेचे पैसे आल्यावाचून पुढली खेप काढू नये. आम्हांस दुसरी अधिक पसंत आहे, कारण तीत कोणाचा अपमान नाही आणि बँकेच्या हमीचा खर्चही नाही. समोरच्या गृहस्थांनी यापैकी कोणतीही अट मान्य केली तर व्यवहार आनंदाने करावा. त्यांना नुसते नावच पुरेसे वाटत असेल तर बी वखारीत राहू द्यावी. सुकी बी पावसाळाभर नीट टिकते, वखारीचे छप्पर मात्र आधी शाकारून घेतले पाहिजे.

सभा मृगापूर्वी भरेल. मंडळाच्या वह्या त्या दिवशी सकाळपासून टेबलावर उघड्या राहतील. ज्यांना आकडे वाचता येतात त्यांनी थोडे लवकर यावे, आणि ज्यांना चष्मा लागतो त्यांनी तो विसरू नये.